प्रश्न तुमचे, उत्तरं जाणकारांची : थ्री नॉट थ्री आणि इशापूरची २ए१

प्रश्न : पोलीस दलातून निवृत्त झालेले आमचे काका सांगतात, ‘थ्री नॉट थ्रीचीच नळी बदलून सेव्हन सिक्स टू केली.’ आमचा लेथचा व्यवसाय आहे. नुसती नळी बदलून एवढं जमेल, हे मनाला पटत नाही. खरं काय?
— एक वाचक, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. काका म्हणतात ती रायफल म्हणजे इशापूर २ए१. शेजारी ठेवली तर थ्री नॉट थ्रीची सख्खी बहीण वाटते, म्हणून हा समज घट्ट बसला. पण ती जुन्या रायफलीतून काढलेली नाही. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती नव्यानं घडवली गेली.

थ्री नॉट थ्री (.३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिमी) म्हणजे ली-एनफिल्ड नंबर १ मार्क ३, १९०७ सालचा आराखडा. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवायचं म्हणून १९१६ मध्ये मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसं अडवून धरणारी पट्टी) आणि लांब पल्ल्याची बाजूची साइट गाळली, आणि मार्क ३ स्टार झाली. इशापूरला तीच बनत होती. १९६२च्या युद्धानंतर सैन्य १ए१ एसएलआरकडे (पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या रायफलीकडे) वळत होतं आणि तिचं काडतूस ७.६२ × ५१ मिमीचं. एकाच फौजेला दोन तऱ्हेची काडतुसं पुरवणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून जुन्याच बोल्टच्या (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दट्ट्याच्या) आराखड्यावर नव्या काडतुसाची रायफल घडवली. १९६३ साली २ए आली आणि मागोमाग २ए१.

आता खरी मेख. जुन्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड, म्हणजे रिम, होती. तिचा व्यास सुमारे १३.७ मिमी. नव्या काडतुसाचं बूड सुमारे १२ मिमी आणि कडेऐवजी आत कोरलेली खाच. एवढी एक कड गेली आणि निम्मी रायफल नव्यानं मापावी लागली.

तुमच्या भाषेत सांगायचं तर माप घ्यायचा फेसच बदलला. थ्री नॉट थ्रीत काडतूस रिमवर टेकतं. बोल्टचा चेहरा आणि नळीची मागची कड यांतली फट गेजनं तपासतात : १.६३ मिमीच्या ‘गो’ गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, १.८८ मिमीच्या ‘नो-गो’वर होता कामा नये. पुढे चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, खांद्याशी (पुंगळी जिथे निमुळती होते तिथे) मुद्दाम सैल जागा ठेवलेली असते, चिखलधुळीतही काडतूस बसावं म्हणून. उडालेल्या पुंगळीचा खांदा पुढे सरकलेला दिसतो तो त्यामुळेच, आणि त्यात बिघाड काही नसतो.

रिम नसलेलं काडतूस मात्र खांद्यावरच टेकतं. तिथे सैलपणा चालत नाही. चेंबर खोल गेलं तर काडतूस पुढे सरकतं, पिनचा ठोका हलका बसतो, किंवा पुंगळी ताणून बुडाजवळ फाटते. म्हणजे नळीबरोबर चेंबरचा सगळा हिशेब नवा. पुंगळी बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टरही बदलावा लागला, कारण त्याचं नख आता कडेवर नाही, खाचेत अडकायचं.

दुसरी गोष्ट दाबाची. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाची कमाल दाबमर्यादा ३६५ मेगापास्कल, ७.६२ची ४१५. ली-एनफिल्डच्या बोल्टचे लॉकिंग लग (बोल्टला जागी अडकवणारे उंचवटे) मागच्या बाजूला असतात, त्यामुळे झटक्याला अख्खा बोल्ट दाबला जातो आणि मागची बॉडी, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो भाग, ताणली जाते. जुन्या पोलादावर हा भार नको, म्हणून २ए१च्या बॉडीला सुधारित पोलाद वापरलं. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच, आणि बाहेरून तो दिसतही नाही. दोन्ही बॉडी सारख्या दिसतात म्हणून जुनीवर ७.६२ची नळी चढवणं धोक्याचं.

दिसणारे बदल दोन. मॅगझिन दहाऐवजी बारा काडतुसांचं आणि चौकोनी झालं. मागची साइट २००० यार्डांऐवजी ८०० मीटरपर्यंतच आखली, आणि ते शहाणपणाचंच : उघड्या साइटनं दोन हजार यार्डांवर एकेका माणसावर नेम धरणं कुणालाच जमत नाही.

बाकीचं तसंच राहिलं. बोल्ट सुमारे ६० अंश उचलायचा आणि तो पुढे ढकलताना स्प्रिंग ताणली जायची, ही जुनी सवय दोन्हींत आहे. बोल्ट बॉडीला जुळवून बसवलेला असतो, म्हणून दांडीवरचा नंबर आणि बॉडीचा नंबर एकच हवा. साफसफाईला एका वेळी अनेक रायफली उघडल्या की बोल्टची अदलाबदल होते. मग लग नीट टेकत नाहीत आणि गेजचं मापही बिघडतं. काकांना हे नक्की आठवेल.

प्रश्न : थ्री नॉट थ्री भरताना ‘वरच्या काडतुसाची रिम पुढे’ असं का सांगतात? ७.६२ला हे का लागत नाही?
— एनसीसी कॅडेट, राजारामपुरी

उत्तर : मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिममागे अडकली, तर बोल्ट वरचं काडतूस ढकलताना खालचंही ओढतो आणि सगळं जाम होतं. वरची रिम पुढे असली की ते सुटं निघतं. म्हणून चार्जरमध्ये (काडतुसं एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या क्लिपमध्ये) पाच काडतुसं एक वर, एक खाली अशी लावतात. असं जाम झालं तर जोर लावून बोल्ट ढकलू नका. इन्स्ट्रक्टरना सांगा, बोल्ट मागे घेऊन मॅगझिन काढायचं ते काढतील. ७.६२ला बाहेर कडच नाही, त्यामुळे अडकायला काही उरत नाही.

प्रश्न : ७.६२ची गोळी लहान, मग ताकदही कमी का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. नावातले आकडे फसवे आहेत, ते नळीच्या आतल्या मापाचे. प्रत्यक्ष गोळीचा व्यास थ्री नॉट थ्रीत ७.९ मिमी आणि दुसरीत ७.८, म्हणजे फरक नावापुरता. जुनी गोळी ११.३ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर. नवी साधारण ९.५ ग्रॅमची, वेग सुमारे ८४०. ऊर्जा काढली तर जुनीची ३१०० ज्यूल, नवीची ३३०० च्या आसपास.

काडतुसं मात्र एकमेकांच्या जागी कधीच चालत नाहीत. ७.६२चा खांदा रुंद, तो जुन्या चेंबरमध्ये शिरत नाही. थ्री नॉट थ्रीची पुंगळी पाच मिमीनं लांब, त्यामुळे नव्यात बोल्ट बंद होत नाही. दोन्ही प्रतिबंधित बोअर (सामान्य परवान्यावर न मिळणारी मापं) आहेत. जुन्या वाड्यात असं काडतूस सापडलं तर ते घासू नका, तापवू नका, खिशात घालून नेऊ नका. आहे तिथेच ठेवून जवळच्या पोलीस ठाण्याला फोन करा.