खोली कोणत्या स्वराला घुमते?

प्रश्न : मी घरी गायनाचा रियाज आणि त्याचे ध्वनिमुद्रण करतो. खोली 3.6 मीटर लांब, 2.5 मीटर रुंद आणि 2.8 मीटर उंच आहे. एका लांबट भिंतीला पाठ लावून बसतो. मिरजेहून आणलेला तानपुरा काळी एक या पट्टीत लावला की जोड (षड्जाच्या मधल्या दोन तारा) आणि खर्ज (त्याखालच्या सप्तकातील षड्जाची तार) असह्य घुमतात. काळी दोनमध्ये लावला की तक्रार उरत नाही. तानपुऱ्याच्या जागी स्पीकर ठेवून, मोबाइलचा माइक वापरून, आरईडब्ल्यू या सॉफ्टवेअरने खोली मोजली, तर सोबत जोडलेला आलेख बऱ्यापैकी सपाट आला. मग दोष तानपुऱ्याचा समजावा का? भिंतींना अंड्यांचे ट्रे लावल्यास फायदा होईल का?

उत्तर : तानपुरा निर्दोष असावा, असे आपल्याच पत्रावरून वाटते. पट्टी बदलताच जो घुमारा नाहीसा होतो, तो बहुधा खोलीचा असतो.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज जाऊन परत येतो आणि त्या जाण्यायेण्याच्या अंतरात ज्याची तरंगलांबी नेमकी बसते, तो स्वर तेथे साचत राहतो. आपल्या खोलीच्या रुंदीसाठी हे अंतर 5 मीटर आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 346 मीटर धरला, तर असा साचणारा पहिला स्वर, म्हणजे पहिला अनुनाद, 69.2 हर्ट्झवर येतो आणि दुसरा त्याच्या दुप्पट, म्हणजे 138.4 हर्ट्झवर. आता काळी एकचा षड्ज पाहा : तो 138.6 हर्ट्झ आहे आणि त्याचा खर्ज 69.3. अर्ध्या हर्ट्झचाही फरक नाही! खोली बांधणाऱ्या गवंड्याने ठरवून केले असते तरी इतके अचूक जमले नसते. काळी दोनचा खर्ज 77.8 हर्ट्झवर असल्यामुळे तो या सापळ्यातून निसटतो.

हे आलेखात का दिसले नाही, याची कारणे दोन आहेत. पहिले कारण माइकचे. मोबाइलचा माइक बोलणे टिपण्यासाठी बसवलेला असतो. त्यामागे आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी आणि गोंगाट गाळणारी प्रक्रिया चालू असण्याचा संभव असतो आणि खालच्या स्वरांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. युमिक-1 सारखा यूएसबी मोजमाप-माइक घेतल्यास त्याच्या क्रमांकानुसार कॅलिब्रेशनची, म्हणजे त्या माइकच्या चुका भरून काढणारी, फाइल मिळते. ती आरईडब्ल्यूमध्ये भरल्यावरच मोजणी सुरू करावी. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या आलेखावर एक तृतीयांश सप्तकाचे स्मूदिंग (शेजारच्या स्वरांची सरासरी काढून रेघ गुळगुळीत करणे) लावलेले आहे. त्यामुळे 69 हर्ट्झच्या आसपास साधारण 61 पासून 77 हर्ट्झपर्यंतच्या सर्व उंचवट्यांची आणि खड्ड्यांची सरासरी होऊन एकच गुळगुळीत रेघ उरते, म्हणजे काळी एक आणि काळी दोन यांमधला जो फरक आपल्या कानाला स्पष्ट कळतो, तोच नेमका पुसला जातो. 300 हर्ट्झच्या खाली पाहताना स्मूदिंग काढून टाकावे किंवा फार तर सप्तकाच्या 48व्या भागाचे ठेवावे.

मोजताना पंखा बंद ठेवावा आणि माइक आपण जेथे बसता तेथेच, कानाच्या उंचीवर धरावा. मांडी घालून बसणाऱ्याचा कान जमिनीपासून जेमतेम पाऊण मीटरवर असतो. खुर्चीवर बसून ऐकणाऱ्यांसाठी दिलेल्या सूचना येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. स्वीप (खालपासून वरपर्यंत सरकत जाणारा चाचणीचा स्वर) लांब घ्यावा, म्हणजे रस्त्यावरच्या आवाजाचा परिणाम कमी होतो. नंतर वॉटरफॉल आलेख (कोणता स्वर किती वेळाने विरतो हे दाखवणारा) उघडावा : बाकीचे स्वर विरून गेल्यावरही 69 आणि 138 पाशी लांबत जाणारे कंगोरे दिसले, तर निदान पक्के झाले. आरटी-60 (आवाज 60 डेसिबलने विरायला लागणारा वेळ) या आकड्याच्या मागे मात्र लागू नये. हार्वर्डच्या व्याख्यानगृहात 1895 पासून रात्री-अपरात्री ऑर्गनची नळी वाजवून भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांनी ज्या प्रकारची मोजमापे केली, ती मोठ्या दालनांची होती. 25 घनमीटरच्या खोलीत सुमारे 250 हर्ट्झच्या खाली प्रत्येक अनुनाद स्वतंत्रपणे वागतो आणि एका आकड्यात मावत नाही.

अंड्यांच्या ट्रेंचा उपयोग होणार नाही. 69 हर्ट्झची तरंगलांबी 5 मीटर आहे, तिच्यापुढे पाच सेंटिमीटरचा पुठ्ठा म्हणजे काहीच नव्हे. शिवाय भिंतीलगत हवेचा दाब सर्वाधिक असला तरी तिची हालचाल जवळजवळ शून्य असते, आणि सच्छिद्र वस्तू आवाज शोषते ती हवेच्या हालचालीतून. रॉकवूलचे (दगडी तंतूंच्या लोकरीचे) दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीचे फलक भिंतीपासून तितकेच अंतर सोडून लावल्यास 138 पाशी काही फरक पडेल. 69 पाशी फारसा नाही. इक्वलायझरने मुद्रणातील तो उंचवटा उतरवता येईल, पण प्रत्यक्ष रियाजात त्याचा काय उपयोग? आणि षड्जच कापलेला तानपुरा ऐकायचा तरी कोणी?

त्यापेक्षा फुकटातला उपाय आधी करून पाहावा. आपण बसता तेथे, भिंतीपाशी, दोन्ही अनुनादांचा दाब पूर्ण असतो. रुंदीच्या मधोमध बसल्यास 69 गायब होतो, पण 138 तितकाच जोरात राहतो. भिंतीपासून पाव रुंदीवर नेमके उलट घडते, 138 नाहीसा होतो आणि 69 फक्त 3 डेसिबलने उतरतो. एक तृतीयांश रुंदीवर, म्हणजे भिंतीपासून सुमारे 83 सेंटिमीटरवर, दोन्हींचा दाब निम्मा होतो, म्हणजे 6 डेसिबलने घटतो. तानपुराही त्याच रेषेत आणला, तर तो या अनुनादांना मुळात कमी चेतवेल. गादी सरकवून, स्पीकर आणि माइक नव्या जागी ठेवून, आवाजाची पातळी न बदलता पुन्हा स्वीप घ्यावा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवून पाहावेत. पहिल्या मोजणीत खोलीचे दार बंद असेल, तर दुसऱ्या वेळीही ते बंदच हवे.