उबुंटू (लिनक्स प्रकारची ऑपरेटिंग सिस्टिम) आधीपासून बसवलेला लॅपटॉप घ्यावा, की ‘डॉस’चा लॅपटॉप घेऊन उबुंटू स्वतः टाकावे?

किमतीत फार तफावत नसेल, तर उबुंटू बसवलेलाच लॅपटॉप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘डॉस’ लिहिलेल्या लॅपटॉपवर बहुधा फ्रीडॉस ही जुन्या डॉससारखी साधी प्रणाली असते. तीही उबुंटूसारखी मुक्त स्रोत (कोड सर्वांना खुला असलेली) प्रणालीच आहे, परंतु तिच्यावर रोजचे काम होत नाही, आणि त्या लॅपटॉपचे वाय-फाय किंवा झाकण मिटून उघडल्यावर तो नीट सुरू होणे लिनक्सवर कोणी तपासले आहे, याची खात्री तिच्यामुळे मिळत नाही. याउलट डेलने २०१२ मध्ये एक्सपीएस १३ उबुंटूसह आणला, किंवा लेनोवोने २०२० पासून काही थिंकपॅड लॅपटॉप फेडोरा या दुसऱ्या लिनक्स प्रणालीसह विकले, तेव्हा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे सॉफ्टवेअर) जुळवण्याची जबाबदारी कंपनीने स्वतःवर घेतली होती, आणि माझ्या मते पैसे त्यासाठीच मोजावेत.

मनात भरलेले मॉडेल डॉसचेच असेल, तर उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या प्रमाणित हार्डवेअरच्या यादीत त्याचा नेमका मॉडेल क्रमांक शोधावा (केवळ मालिकेचे नाव जुळून भागत नाही, कारण एकाच मालिकेत वाय-फायची चिप वेगळी असू शकते), आणि दुकानदाराची हरकत नसल्यास उबुंटूचा पेनड्राइव्ह लावून, काहीही इन्स्टॉल न करता, वाय-फाय, आवाज आणि कॅमेरा तिथेच तपासून घ्यावा.