सोनोग्राफीत 'गर्भाशय रेट्रोव्हर्टेड' असं आलंय. दिवस राहायला अडचण येईल का?

नुसत्या या शब्दामुळे नाही. बोलीत याला 'पिशवी उलटी आहे' म्हणतात आणि सगळी भीती त्या 'उलटी'त आहे. पिशवी मागे कललेली असते, एवढंच.

बहुतेकींची पिशवी पुढे, मूत्राशयावर रेललेली असते. साधारण पाचांत एकीची मागे, कण्याकडे. काहींची मुळातच तशी असते, काहींची बाळंतपणानंतर बंध सैल पडून होते. शिवाय ती एका जागी खिळलेली नसते. पोटावरून सोनोग्राफी करण्याआधी पाणी प्यायला लावतात. मूत्राशय टम्म भरलं की पुढे कललेली पिशवीही मागे ढकलली जाते. म्हणून दोन रिपोर्टांत वेगळं लिहिलेलं सापडलं, तर कोणी चुकलंच असं नाही.

शुक्रजंतू पोहत वर जातात, काही तर मिनिटांतच पिशवीच्या तोंडातल्या स्रावात शिरतात. कल कुठेही असो, त्यांना फरक पडत नाही. संबंधानंतर कमरेखाली उशी घेऊन पडून राहायचीही गरज नाही.

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न वेगळाच: पिशवी हलते का? आतून तपासताना ती बोटांनी सहज हलली, तर विषय संपला. हलत नसेल, तर ती मागे चिकटलेली असू शकते. कारण बहुधा एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), जुना जंतुसंसर्ग किंवा आधीचं ऑपरेशन. मग दिवस न राहण्याचं मूळही तिथेच असू शकतं, आणि उपचार त्या आजारावर होतात, कलावर नाही. पाळीतलं दुखणं वाढत चाललंय, संबंधावेळी खोलवर कळ येते, पाळीत शौचाला दुखतं, असं असेल तर हे आवर्जून सांगा. (नुसत्या कलामुळेही काहींना संबंधावेळी दुखतं, स्थिती बदलली की ते बरंचसं थांबतं.)

तांबी बसवताना मात्र कल आधी तपासावाच लागतो. नाहीतर तांबी आत सोडायची नळी चुकीच्या दिशेने जाऊन पिशवीला भोक पडू शकतं.

दिवस राहिले की साधारण 12 ते 14 आठवड्यांत पिशवी आपोआप वर येते. क्वचित ती कटिरात, म्हणजे कमरेच्या हाडांच्या पोकळीत, अडकते. 14-16 आठवड्यांच्या सुमारास लघवी तुंबली किंवा थेंबथेंब होऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुरुवातीच्या आठवड्यांत पोटावरून गर्भ नीट दिसला नाही तर घाबरू नका, योनीमार्गे सोनोग्राफीत तो जास्त स्पष्ट दिसतो.

पोट चोळून पिशवी 'सरळ' करून देणाऱ्यांकडे जाऊ नका. पूर्वी ती पुढे ओढून टाके घालायची ऑपरेशनंही होत. नुसत्या कलासाठी आता ती करत नाहीत.

पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पुढे असाल तर सहा महिने प्रयत्न करून मगच तपासण्या सुरू करा. वर सांगितलेला त्रास असेल तर थांबू नका. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत करून घ्या, शेवटी नको.