कॉन्ट्राचं वजन पेलता येतं, आधी जूनच्या परीक्षेचं बघा

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. मुलगा कॅलिफोर्नियात क्वार्टर पद्धतीच्या (सेमिस्टरऐवजी लहान सत्रं, शेवटची परीक्षा जूनमध्ये) कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, ट्यूबा वाजवतो, ड्रम कोअरच्या, म्हणजे उन्हाळाभर गावोगाव फिरून मैदानावर चालत वाजवणाऱ्या कॉलेजबाहेरच्या स्पर्धक बँडच्या, कॉन्ट्रा लाइनमध्ये त्याला जागा मिळाली आहे. कॉन्ट्रा म्हणजे खांद्यावर घेऊन वाजवायचा ट्यूबा. एवढं धूड खांद्यावर घेऊन उन्हाळाभर पळायचं तर पाठीचं काय, ही तुमची काळजी. पण जाता जाता तुम्ही लिहिलंय, "जूनच्या फायनल्सचं कॉलेजवाले बघून घेतील असं तो म्हणतो." बाकीच्यांनी पाठीवर चांगली उत्तरं दिली आहेत. मला या एका वाक्याबद्दल लिहायचंय, कारण २००५ साली मी माझ्या आईला हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत.

मी बाराव्या वर्षी सांगलीहून अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये गेलो. शाळेच्या बँडमध्ये उंची बघून ट्यूबा हातात दिला गेला. आजोबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यात मागे असतो तो भोंगा?" हो, तेच घराणं. पुढे २००३ आणि २००४ असे दोन उन्हाळे मी पूर्ण मार्च केले. कोअरचं नाव लिहीत नाही. ऑडिशन, महिन्याचे कॅम्प, फीचे हप्ते हे तुमच्या मुलाला माहीत असणारच, ते सोडून देतो.

पाठीचं आधी उरकतो. मी डॉक्टर नाही, जुनं दुखणं असेल तर आधी दाखवून घ्या. कॉन्ट्रा साधारण बारा-तेरा किलोचा असतो आणि डाव्या खांद्यावर बसतो. पुण्यातला ढोल निदान कमरेला बांधलेला असतो, इथे सगळा भार एका बाजूला. त्यामुळे नवी मुलं नकळत मान उजवीकडे कलती करतात आणि दुखणं तिथून सुरू होतं. माझं मत विचाराल तर वजनापेक्षा ती कललेली मान जास्त त्रास देते. छोट्या टॉवेलची चौपदरी घडी टी-शर्टच्या आत घालायची, खांद्याच्या हाडावर नाही, त्याच्या मागच्या मांसल भागावर. मेट्रोनोम लावून, वाद्य वर धरून रोज बारा मिनिटं उभं राहायचं, शो साधारण तेवढाच असतो. दंड कमावण्यापेक्षा प्लँक करू दे, आणि आत्तापासून करू दे. एप्रिलमध्ये जागा झाला तर उशीर झालेला असेल.

आता परीक्षा. माझी पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात गेली. तिथे सेमिस्टर, मेच्या मध्यावर परीक्षा संपायच्या, त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नाही. २००४च्या सप्टेंबरात मी मोठ्या विद्यापीठात गेलो, तिथे क्वार्टर. फायनल्स जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, आणि कोअरचं स्प्रिंग ट्रेनिंग मेच्या अखेरीस सुरू. मला ही टक्कर फेब्रुवारीतच दिसली होती, हे मुद्दाम सांगतो. मी आळस केला नव्हता. विद्यापीठाच्या ऑफिसात गेलो, रांगेत उभा राहिलो, खिडकीतल्या बाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मे महिन्यात प्रोफेसरांशी बोल, बहुतेक जण सांभाळून घेतात." मी आभार मानले आणि निघालो.

चूक झाली ती इथे. त्या बोलण्याचा मी कागद मागितला नाही. यासाठी काही अर्ज असतो का, त्याची मुदत कधी, एवढंसुद्धा विचारलं नाही. आणि जागा जाईल या भीतीने कोअरलाही काही कळवलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात तीन प्रोफेसरांना भेटलो. दोघांनी लगेच होकार दिला. तिसऱ्याचा विषय सक्तीचा होता. तो म्हणाला, ऑफिसचं पत्र आण, मी पेपर आधी घेतो. माणूस चांगला होता. ऑफिसात गेलो तर दुसरी खिडकी, दुसरा माणूस. परीक्षा आधी देण्याचा अर्ज क्वार्टरच्या चौथ्या आठवड्यापर्यंतच घेतात, आता सहावा चालू आहे. मी म्हटलं, फेब्रुवारीत इथेच विचारलं होतं. कोणाला विचारलं? नाव सांगता येईना. मग डीनचं ऑफिस, तिथून विभाग, विभागातून परत खिडकी. चार चकरा झाल्या. शेवटी उत्तर मिळालं की हा विद्यापीठाचा उपक्रम नाही, त्यामुळे सवलत बसत नाही. माझ्या शेजारच्या खोलीतला मुलगा विद्यापीठाच्या पोहण्याच्या टीममध्ये होता. त्याच्यासाठी छापील फॉर्म तयार असायचा, एक सही केली की झालं. रोज दहा-बारा तास मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलाला मात्र खेळाडू नाही म्हणून कागद नाही आणि बँड विद्यापीठाचा नाही म्हणून कलाकारही नाही. वीस वर्षं झाली, अजून लिहिताना हात गरम होतो.

शुक्रवारी शेवटचा पेपर दिला आणि शनिवारी पहाटे बस धरली. पोहोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त शो मैदानावर बसला होता. ड्रिलमधला, म्हणजे मैदानावरच्या आकृत्यांमधला, माझा डॉट (ठरलेली जागा) एका अठरा वर्षांच्या मुलाला दिला होता. यात कोअरचा काही दोष नाही. साठ-सत्तर वादकांच्या आकृतीत पंधरा दिवस भोक ठेवून कोणी तालीम करू शकत नाही. मला पर्यायी म्हणून ठेवलं. साइडलाइनच्या बाहेर उभा राहून मी प्रत्येक सेट, म्हणजे प्रत्येक आकृती, पाठ केला, साडेबावीस इंचांचं पाऊल मोजत, तोच ट्यूबा खांद्यावर घेऊन. जुलैत एकाचा घोटा मुरगळला तेव्हा चार शो मिळाले. त्याचा घोटा बरा झाला, मी परत बाहेर.

त्या वर्षीच्या कोअर स्पर्धेच्या फायनल्स फॉक्सबरोला होत्या. वयाची मर्यादा तेव्हा २१ होती, म्हणजे तो माझा शेवटचा उन्हाळा. स्टेडियमबाहेर वॉर्म-अपच्या अर्धवर्तुळात मला वाजवू दिलं. मग सगळे ओळीने बोगद्याकडे निघाले. मी फडकं घेऊन उभा होतो, प्रत्येक कॉन्ट्राच्या भोंग्यावरचे बोटांचे ठसे पुसून देत होतो. शेवटचा तोच अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याचा भोंगा मी दोनदा पुसला.

म्हणून ताई, पोराला हे करायला सांगा. नियम कॉलेजप्रमाणे बदलतात, माझी माहिती जुनी आहे, खात्री करून घ्याच. कोअरला आजच कळवायचं की माझ्या फायनल्स अमुक तारखेला आहेत. क्वार्टरवाली मुलं त्यांच्याकडे दरवर्षी येत असणार, लपवण्यासारखं काही नाही. त्यांच्याकडून तारखांसकट लेटरहेडवर पत्र घ्यायचं. कॅम्पवर कोणाच्या देखरेखीखाली पेपर देता येईल का, हेही दोन्हीकडे विचारायचं. कॉलेजच्या ऑफिसात खिडकीवर जायचंच नाही, ईमेल करायची आणि तीन गोष्टी विचारायच्या: अर्ज कोणता, मुदत कधी, सही कोणाची. तोंडी सांगितलं तर घरी येऊन "आपलं असं बोलणं झालं" अशी ईमेल लगेच पाठवायची. प्रोफेसरांना स्प्रिंग क्वार्टरच्या पहिल्या आठवड्यात भेटायचं, मेमध्ये नाही. आणि माझं ठाम मत, पटो न पटो: स्प्रिंगचे विषय निवडतानाच फायनल पेपरऐवजी प्रोजेक्ट किंवा निबंध असलेले निवडावेत. सक्तीचा विषय त्या क्वार्टरला घेऊच नये. मी तेवढं जरी केलं असतं तरी पुरलं असतं.

तो एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असेल तर विषय कमी करण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला विचारल्याशिवाय काहीही करू नका. आमचं ग्रीन कार्ड होतं, त्यामुळे त्यातलं मला काही सांगता येणार नाही. करारातलं परताव्याचं कलमही वाचा. आजकाल मोठ्या कोअरची फी पाच हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जाते, आणि जागा गेली म्हणून ती परत मिळेल असं धरून चालू नका.

एवढं वाचून त्याला थांबवू मात्र नका. डेन्व्हरला, २००४च्या फायनल्सना, सोळाशे मीटर उंचीवर आमचा श्वास निम्म्यावर आला होता. मग शेजाऱ्याने कुठे श्वास घ्यायचा आणि मी कुठे, हे आम्ही सेटगणिक वाटून घेतलं, म्हणजे सूर तुटणार नाही. लो ब्रासमधलं, म्हणजे खालच्या सुरांच्या पितळी वाद्यांमधलं, हे सुख बाहेरच्याला कळत नाही. आपला आवाज एकट्याचा कधी ऐकू येत नाही, पण आपण थांबलो की सगळ्या मैदानाखालची जमीन काढून घेतल्यासारखं होतं. त्याला एक गोष्ट नक्की सांगा: मैदानाच्या मागच्या भागात असताना पुढून येणाऱ्या आवाजाबरोबर वाजवायचं नाही. मैदानाच्या पुढच्या कडेला ठेवलेल्या झायलोफोनपासून पस्तीस मीटर मागे उभा असेल तर तो आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग, आणि त्याचा सूर पुढे जायला आणखी तेवढाच. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत अर्ध्या ठोक्याहून जास्त मागे पडेल. पाठीमागच्या ड्रमलाइनचं ऐकायचं, नाहीतर ड्रम मेजरचे, म्हणजे समोरून ताल दाखवणाऱ्याचे, हात बघायचे. आणि डावीकडे सरकताना भोंग्यामुळे काही दिसत नाही, तेव्हा उजव्या बाजूच्या माणसाशी अंतर पक्कं ठेवायचं.

जेवणाचं विसरत होतो. शाकाहारी असेल तर स्वयंपाकाच्या ट्रकवाल्या स्वयंसेवकांना आधीच लिहून कळवा, फार मायेची माणसं असतात ती. सोबत मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी द्या. मध्यरात्रीच्या बसमध्ये नुसत्या ब्रेडला चटणी लावून आमच्या अख्ख्या कॉन्ट्रा लाइनने डबा संपवला होता, तेव्हा एक नाही, दोन डबे द्या.

कोअरचं पत्र आणि प्रोफेसरांच्या ईमेलचा मसुदा तयार झाला की इथे टाका किंवा मला निरोप करा. इंग्रजी आणि तारखा दोन्ही तपासून देतो, मी रात्री दहानंतर मोकळा असतो.