वाचकांचे प्रश्न : मैफलीला जाताना आणि मैफल भरवताना

पावसाळा सरत आला की सांगली-सातारा भागातल्या वाचकांची गाण्याबद्दलची पत्रं वाढतात. त्यांतली पाच या अंकात घेतली आहेत.

पुण्याला न जाता, इथल्या इथे वर्षभरात शास्त्रीय, नाट्यगीतं, कव्वाली, तमाशा असं सगळं प्रत्यक्ष ऐकायचं आहे. कुठे, कधी, काय असतं?
*– एक वाचक, विटा*

इंग्रजी तारखा लिहून ठेवू नका, पुढच्या वर्षी चुकतील. आपल्याकडचे जुने कार्यक्रम तिथीवर चालतात, त्यामुळे कालनिर्णय जवळ हवं.

सुरुवात नवरात्रापासून करा. मिरजेत अंबाबाईच्या देवळात नवरात्र संगीत महोत्सव असतो. गायन, वादन, नृत्य असं रोज वेगळं ऐकायला मिळतं. पाठोपाठ औंध. खटाव तालुक्यातल्या या गावात अंतुबुवा जोशी यांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेला महोत्सव आश्विन वद्यात, म्हणजे कोजागिरी झाली की, येतो. ग्वाल्हेर घराण्याचं गाणं ऐकायचं असेल तर यासारखी जागा नाही, कारण पुढे अंतुबुवांचे पुत्र गजाननबुवा जोशी यांच्या शिष्यपरिवाराने तो सांभाळला. गाव लहान, रात्रीच्या एसटीचा भरवसा नाही. परतीचं वाहन किंवा मुक्काम आधी ठरवूनच निघा.

दिवाळीत पहाटेचे कार्यक्रम सगळीकडेच. ५ नोव्हेंबर ही मात्र ठरलेली तारीख. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत पहिलं मराठी नाटक केलं तो हा दिवस, आणि भावे नाट्यमंदिरात तो रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो. नाट्यसंगीताची आवड असेल तर या आठवड्यात सांगलीतल्या आणि मिरजेतल्या नाट्यगृहांच्या बाहेरचे फलक रोज बघा. संगीत नाटकाचे प्रयोग आता थोडे होतात, जाहिरातही उशिरा येते.

मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याचा उरूस हिजरी कालगणनेवर चालतो. तो दर वर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. मागच्या वर्षीची तारीख धरून गेलात तर मांडव उतरलेला दिसेल. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर याच आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थची संगीत सभा उरुसातच होते. खयाल ऐकणाऱ्याने ती चुकवू नये. नाट्यगृहातला गारवा इथे नाही, खुर्चीचीही खात्री नाही. पण उघड्यावर, जाणत्या श्रोत्यांत बसून ऐकण्याची मजा बंद सभागृहात येत नाही. उरुसाच्या दिवसांत कव्वालीही ऐकायला मिळते.

लोकसंगीताचा हंगाम पौषात रंगतो. कऱ्हाड तालुक्यात पालीच्या खंडोबाची यात्रा पौषात. तिथे वाघ्या-मुरळीची गाणी आणि दिमडी, घोळ ही वाद्यं ऐकायला मिळतात. कवठे महांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाच्या बनातल्या यात्रेत धनगरी ओव्या आणि ढोलाच्या तालावरचं गजीनृत्य. चैत्रात गावोगावच्या यात्रा लागतात, आणि तमाशाचे फड तेव्हाच खऱ्या जोरात असतात. फडांचा हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होऊन वैशाखापर्यंत चालतो. पठ्ठे बापूराव वाळव्यातल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळू मिरजेजवळच्या कवलापूरचे. तेव्हा या भागातल्या बसणाऱ्यांना ढोलकीची पारख असते, हे फडमालकही ओळखून असतात. एक सूचना : गण आणि गवळण ऐकायची असेल तर सुरुवातीलाच जाऊन बसा. उशिरा जाणाऱ्याच्या वाट्याला रंगबाजी आणि वग येतो, ढोलकी-तुणतुण्याचा जुना बाज मात्र पुढेच असतो.

गझल, ऑर्केस्ट्रा, बँड यांना तिथी नसते. डिसेंबर ते फेब्रुवारी, शनिवार-रविवार, सांगलीचं भावे किंवा दीनानाथ नाट्यगृह, साताऱ्याचं शाहू कलामंदिर. मैदानावरचा मोठा कार्यक्रम असेल तर तिकीट घेण्याआधी एवढंच विचारा : खुर्चीला नंबर आहे का, पाऊस आला तर पैसे परत की नवी तारीख, आणि गाड्या कुठे लावायच्या. ‘फ्री पास’ हा खुर्चीचा हक्क नसतो. पासवाल्यांनी किमान पाऊण तास आधी पोचावं.

तासगावात मंगल कार्यालयात दीडशे श्रोत्यांसाठी शास्त्रीय गायनाची बैठक ठेवतो आहोत. साउंडवाला म्हणतो, ‘सगळं बघतो.’ आम्ही काय बघावं?
*– एका मंडळाचे चिटणीस*

साउंडवाला लग्न आणि डीजेला सरावलेला असतो. त्याची चूक नाही, पण बैठकीची गरज उलटी असते. त्याला लिहून द्या.

जागेपासून सुरू करा. मंगल कार्यालयाची फरशी आणि पत्र्याचं छत आवाज परतवतं, शब्द एकमेकांत मिसळतात. श्रोते सतरंजीवर बसवा, मागच्या भिंतीवर जाड पडदे किंवा लग्नाच्याच कापडी कनाती लावा. एवढ्याने अर्धं काम होतं. मंच बारा बाय सोळा फूट, दीड फूट उंच पुरे. उंच मंचावरच्या गायकाची मान खाली आणि श्रोत्याची वर राहते, दोघंही कंटाळतात. मंचाच्या थेट वर पंखा नको. माइकमध्ये त्याची घरघर येते आणि वाऱ्याने तबल्याची पुडी (वरचं कातडं) ताणली-सैलावली जाते. एसी असेल तर त्याचा झोतही वाद्यांवर येऊ देऊ नका.

माइक पाच : गायकाला एक, तबला-डग्ग्याला दोन, हार्मोनियमला एक, दोन तानपुऱ्यांत मिळून एक. तानपुऱ्याचा माइक अगदी हळू; तो ऐकू यायला नको, पण बंद केला तर कमी जाणवायला हवं. बाहेर बारा इंची दोन स्पीकर पुरतात. गायकाच्या पुढ्यातला मॉनिटर (त्याला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर) माइकच्या पाठीमागे, म्हणजे माइकचं तोंड ज्या दिशेला नाही तिथे ठेवायचा. उलटा ठेवलात तर शिट्टी वाजते. मग साउंडवाला शिट्टी घालवायला आवाजातले वरचे भाग कापतो आणि गायकाचा आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. ‘इको’ म्हणजे ऑर्केस्ट्रातला मसाला, बैठकीत तो शून्यावर ठेवा. तानेतला प्रत्येक स्वर सुटा ऐकू यायला हवा, इकोने तो चिकटतो.

वीज. ५० हर्ट्झची ‘हूं’ अशी घरघर आली की बहुधा अर्थिंगचा घोळ असतो. साउंड आणि दिव्यांची लाइन वेगळी घ्या, पण साउंडची सगळी यंत्रं एकाच सॉकेटच्या फळीवरून चालवा. वेगवेगळ्या ठिकाणचं अर्थ जोडलं की घरघर सुरू. डिमर लावलेले दिवे साउंडच्या वायरींजवळ नको. जनरेटर लांब, इमारतीच्या मागे.

पट्टी, म्हणजे गायकाचा ‘सा’ हार्मोनियमच्या कोणत्या पट्टीवर, ती त्याला विचारून ठेवा, हा प्रश्न बहुतेक जण शेवटच्या दिवशी विचारतात. पुरुष गायक काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया बऱ्याचदा काळी चार-काळी पाच. काळी एकला साधारण साडेपाच इंची तोंडाचा तबला लागतो, काळी चारला सहा इंचांहून मोठ्या तोंडाचा ढाला. तबलजीला आधी कळलं नाही तर तो एकच तबला घेऊन येतो आणि गट्टे (कडेचे लाकडी ठोकळे) ठोकूनही पट्टी लागत नाही. अति ओढला तर पुडी फाटते.

तानपुरे मिरजेतून भाड्याने किंवा ओळखीने मिळतात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण कार्यक्रमाच्या दोन तास आधी सभागृहात आणून खोळ काढून ठेवा. बाहेरच्या उन्हातून आलेली तार आणि लाकूड आतल्या हवेशी जुळायला वेळ घेतात. जवारीच्या दोऱ्याला (तारेखालचा, झंकार जुळवणारा दोरा) तानपुरा मिळवणाऱ्यालाच हात लावू द्या, मंडळातल्या उत्साही कार्यकर्त्याला नको.

परवानगी : लाउडस्पीकरसाठी पोलीस ठाण्यात अर्ज आठवडाभर आधी द्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सांस्कृतिक-धार्मिक प्रसंगी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. बंद सभागृहाला १० ची अट नाही, पण दारं उघडी ठेवून बाहेर स्पीकर लावला तर ते बंद सभागृह राहत नाही. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या आतला भाग सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असू शकतो, हे कार्यालय ठरवतानाच बघायचं.

आईला ऐकण्याची फार आवड, पण वय सत्तर, मांडी घालता येत नाही. बैठकीच्या कार्यक्रमाला नेऊ का?
*– एक वाचक, कऱ्हाड*

न्या. आयोजकाला आदल्या दिवशी फोन करून भिंतीलगत किंवा कडेला खुर्ची मागा. बहुतेक ठिकाणी ठेवतात. मागे खाली बसलेल्यांना आडोसा होऊ नये म्हणून कडेची खुर्चीच बरी. नाट्यगृहात असेल तर सहाव्या ते दहाव्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेची जागा घ्या. पहिल्या दोन रांगांत मंचावरचा तबला आणि समोरचा स्पीकर दोन्ही एकदम अंगावर येतात, तर बाल्कनीच्या खाली गेलं की आवाज दबलेला लागतो. कानाला यंत्र असेल तर स्पीकरच्या रेषेत नको. मध्यंतरात स्वच्छतागृहाकडे गर्दी होते, म्हणून ते आधी उरकून घ्यायला सांगा.

आठ वर्षांच्या मुलाला डीजे आणि बेंजोच्या कार्यक्रमात नेलं, रात्री कानात ‘टीं’ असा आवाज येत होता म्हणाला. काळजी करावी का?
*– एक पालक, सातारा*

तो आवाज म्हणजे कानावर ताण आल्याची खूण. एका दिवसात थांबला तर ठीक, नाही थांबला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास कान सोसू शकतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो आणि स्पीकरच्या भिंतीपुढे याहून जास्त असतो. शिवाय हे आकडे मोठ्यांचे आहेत, मुलांना याहून कमी धरा. कापूस कामाचा नाही, त्यातून बहुतेक आवाज आत जातो. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग पिळून, कान थोडा वर ओढून आत घालायचे. फुगून बसले की काम करतात. मुलांना वरून लावायचे मफ सोपे. मोबाइलवरचं डेसिबल अॅप अंदाजाला ठीक. मोठ्याने बोलूनही हातभर अंतरावरच्या माणसाला ऐकू जात नसेल तर अॅप उघडायचीही गरज नाही, मागे सरका.

हलगीला हा नियम शिथिल समजू नका. ती शेकवून ताणलेली असते, तिचा आवाज कडाक्याने फुटतो, आणि पोरं नेमकी तिच्या पुढ्यात नाचतात.

मैफल मोबाइलवर रेकॉर्ड केली तर चालतं का?
*– एक वाचक, मिरज*

आयोजकांनी मनाई केली असेल तर नाही, तो त्यांचा अधिकार. मनाई नसेल तर स्वतःच्या ऐकण्यापुरतं किंवा शिकण्या-शिकवण्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये कलाकाराच्या हक्काचा भंग धरत नाहीत. तेच यूट्यूबवर किंवा ग्रुपवर टाकलंत की भंग होतो, आणि कलाकाराचा हा हक्क ५० वर्षं टिकतो. एवढं करून रेकॉर्ड करायचंच असेल तर मोबाइल मांडीवर ठेवा, डोक्याच्या वर नको, आणि स्क्रीन बंद. फोन ‘फ्लाइट मोड’ मध्ये टाका. साउंडच्या वायरीजवळ बसलात तर येणाऱ्या कॉलची खरखर स्पीकरमधून सगळ्यांना ऐकू येते.