एका होजवर दोन चाकं?

प्रश्न : माझी जुनी गाडी मागच्या चाकांवर चालणारी, अखंड ॲक्सलची आहे. मागचे ब्रेक पाइप गंजलेत. बॉडीपासून ॲक्सलपर्यंत एकच रबरी होज, मग ॲक्सलवर ‘टी’ आणि तिथून दोन स्टील पाइप अशी रचना आहे. उजवा पाइप डाव्याच्या दुपटीहून लांब आहे. त्यामुळे डावा ब्रेक आधी लागेल का? मेकॅनिक म्हणतो, दोन्ही चाकांना वेगळे होज टाकू. आणि तांब्याचे पाइप चालतील का?

उत्तर : होज वाढवू नका. तुमच्या गाडीत दोन्ही चाकं ॲक्सलला धरूनच हलतात. हालचाल होते ती बॉडी आणि ॲक्सल यांच्यामध्ये. रबर तेवढ्याच जागी लागतं. प्रत्येक चाक वेगळं हलणारं सस्पेन्शन असतं तर दोन होज लागले असते. विनाकारण रबर वाढवलं की ते दाबाखाली फुगतं आणि पेडल मऊ लागतं.

लांबीची काळजी सोडा. बंद पाइपातल्या ऑइलचा दाब दोन्ही टोकांना सारखाच पोचतो. गाडी एका बाजूला ओढत असेल तर पाइप मोजत बसण्यापेक्षा ड्रम उघडा. व्हील सिलिंडर (ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक दाबणारा भाग) अडकलेला किंवा लायनर ऑइलने भिजलेला सापडण्याची शक्यता जास्त.

होजचा दोष वेगळा दिसतो. तो आतून सुजला की ऑइल जोराने पुढे जातं, पण परत यायला अडतं आणि पेडल सोडूनही दोन्ही मागची चाकं धरून राहतात. अशा वेळी होजच्या अलीकडचा, म्हणजे मास्टर सिलिंडरकडचा (पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या भागाकडचा) जोड किंचित सैल करा. तरीही चाकं मोकळी होत नसतील, पण ब्लीड निपल (चाकाजवळचा, हवा काढायचा स्क्रू) उघडताच सुटत असतील, तर होजच बदला.

शुद्ध तांबं मी टाकत नाही. हादऱ्यांनी ते कडक होऊन तडकतं. तांबं-निकेल मिश्रधातूचा पाइप घ्या. तो गंजत नाही आणि हाताने छान वळतो. बाहेरचा व्यास बहुधा ४.७५ मिमी असतो, पण नटाचे आटे नीट तपासा. ३/८ इंच यूएनएफ (इंची आटे) आणि एम१० (मेट्रिक आटे) दिसायला इतके सारखे, की चुकीचा नटही एखाद-दुसरा फेरा आत जातो! फ्लेअर, म्हणजे पाइपाचं पसरवलेलं टोक, जुन्या पाइपासारखाच हवा.

बसवताना होजचं टोक आधी ‘टी’मध्ये आवळा, मग दुसरं टोक ब्रॅकेटमध्ये बसवा. पाइपाचा नट घट्ट करताना होजचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, नाहीतर होजला पीळ पडतो. होजवर लांबीच्या दिशेने रेघ असेल तर ती सरळ दिसली पाहिजे. शेवटी बॉडी स्टँडवर घेऊन ॲक्सल खाली लोंबू द्या. तेव्हाही होज ताणलेला नको, सायलेन्सरच्या पाइपाला टेकलेला तर नकोच.

ब्रेक ऑइलमधली हवा काढताना गाडीच्या पुस्तकातला क्रम पाळा. मागे वजनानुसार दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असेल तर आधी ॲक्सलवर भार येऊ द्या. ॲक्सल लोंबत असताना हा व्हॉल्व्ह ऑइल अडवतो आणि आपण उगाच मास्टर सिलिंडरला शिव्या देत बसतो.