मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमध्ये ऑइल नव्वद की एकशेचाळीस?

आपला सहाचाकी ट्रक हंगामात कारखान्यावर ऊस ओढतो आणि हंगाम संपल्यावर तासगावचा बेदाणा किंवा सांगलीची हळद घेऊन पुण्याकडे जातो, असे आपण लिहिले आहे. भरलेली गाडी ओढत असताना हाउसिंगमधून (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीतून) घूं असा आवाज येऊ लागल्यामुळे मेस्त्री 'एकशेचाळीस नंबरचे गिअर ऑइल टाका' म्हणतात, तर दुकानदाराच्या मते गिअरबॉक्ससाठी आणलेल्या डब्यातलेच नव्वद नंबर चालते. दोघेही नंबरावरून वाद घालत आहेत. डब्यावर नंबराच्या आधी वाचायची गोष्ट मात्र 'जीएल' या अक्षरांपुढचा आकडा, म्हणजे गिअर ऑइलचा दर्जा, आहे आणि आपल्या अ‍ॅक्सलच्या बाबतीत तो बहुतेक ५ असला पाहिजे.

बहुतेक ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये क्राउन-पिनियन (मोठे दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारे लहान चक्र) हायपॉइड पद्धतीचे असते. म्हणजे पिनियनची मध्यरेषा क्राउनच्या मध्यातून न जाता थोडी बाजूला सरकवलेली असते. त्यामुळे दात मोठे व मजबूत करता येतात, परंतु ते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, तर मोठ्या दाबाखाली लांबीच्या दिशेने घासतही जातात. अशा घासणीत ऑइलचा थर, मग तो कितीही दाट असो, दातांच्या टोकांवर टिकत नाही. तेथे गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्ये उपयोगी पडतात: दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादाशी संयोग पावून पृष्ठभागावर एक पातळ लेप तयार करतात, आणि दाताऐवजी तो लेप झिजतो. जीएल-५ मध्ये या द्रव्यांचे प्रमाण जीएल-४ पेक्षा बरेच जास्त असते. डबा उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास येतो तो याच गंधकाचा. त्यावरून ऑइल खराब आहे असे समजू नये.

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे वळू. सिंक्रोमेश गिअरबॉक्समध्ये गिअर अलगद पडावा म्हणून पितळी रिंगा असतात आणि त्यांना तीव्र गंधक मानवत नाही, म्हणून तेथे अनेक कंपन्या जीएल-४ सांगतात. दोन्हींकडे एकच डबा वापरण्याची सोय माझ्या चालकानेही एकदा केली होती. एका गॅरेजमध्ये गळती थांबवल्यानंतर त्याने हाउसिंगमध्ये गिअरबॉक्सचेच ऑइल भरून घेतले आणि मला सांगायचे त्याला सुचले नाही. पुढच्या हंगामाच्या अखेरीस हाउसिंग उघडले तेव्हा पिनियनच्या दातांवर आडवे ओरखडे उमटलेले होते. क्राउन आणि पिनियन कारखान्यात जोडीने जुळवलेले असल्यामुळे बदलायचे तर दोन्ही बदलावे लागतात, आणि एका डब्याची बचत किती महागात पडली ते वेगळे सांगायला नको.

नंबराविषयी एक गैरसमज सगळीकडे आढळतो. गिअर ऑइलचे नव्वद म्हणजे इंजिन ऑइलच्या चाळीसच्या दुपटीहून दाट, असे नाही. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत आणि नव्वद नंबरचे गिअर ऑइल साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते. १०० अंश सेल्सिअसला नव्वदची श्यानता (दाटपणा) १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक, तर एकशेचाळीसची २४ ते ३२.५ सेंटिस्टोक या मर्यादेत असावी लागते. डब्यावर ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० असे दोन आकडे असतात. त्यांतला 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीसाठी आहे: ८०डब्ल्यू उणे २६ अंशांपर्यंत आणि ८५डब्ल्यू उणे १२ अंशांपर्यंत पुरेसे प्रवाही राहते. महाबळेश्वरात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठले तरी आपल्या भागात यांपैकी कशाचीही अडचण येणार नाही. आपल्याकडे विचार करायचा तो दुसऱ्या आकड्याचा, कारण उन्हाळ्यात पुण्याहून भरून येणारी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर खंबाटकी घाट चढते, किंवा कऱ्हाडहून चिपळूणला गेलेली गाडी परतताना कुंभार्ली घाट चढते, तेव्हा हाउसिंगला हात लावणे कठीण होते.

म्हणून माझे मत असे आहे. गाडीच्या पुस्तकात ८५डब्ल्यू-१४० ला मुभा असेल आणि गाडी बहुतेक वेळ पूर्ण भाराने घाटात किंवा शेतरस्त्यांवर चालत असेल, तर जीएल-५ दर्जाचे ८५डब्ल्यू-१४० घ्यावे. पुस्तकात फक्त ८०डब्ल्यू-९० सांगितले असेल, तर त्यातच राहावे. गरजेपेक्षा दाट ऑइल घुसळताना स्वतःच तापते, डिझेल खाते आणि पिनियनच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. पुस्तक हरवले असेल, तर अ‍ॅक्सलवरच्या पट्टीवरील क्रमांक घेऊन कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात विचारता येते. वरून बाटलीभर वेगळे 'अ‍ॅडिटिव्ह' ओतण्याची गरज मला कधी वाटलेली नाही.

आवाजाचे काय? दाट ऑइलने तो काही दिवस दबेल, आणि मला त्याचीच भीती वाटते. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आवाज वाढत असेल व सोडल्यावर बदलत असेल, तर दातांची टेकण (दात एकमेकांना कुठे टेकतात ते) किंवा क्राउन-पिनियनमधला चाळा (दातांमधली मोकळी जागा) बिघडला असण्याचा संभव जास्त. दोन्ही वेळी सारखाच घरघराट असेल, तर बेअरिंगकडे पाहावे. ड्रेन प्लगवर चुंबक असल्यास तो पुसण्याआधी नीट निरखावा. करडा, लोण्यासारखा मऊ लेप नेहमीचा असतो. बोटांना टोचणारे चकचकीत तुकडे असतील, तर ऑइल निवडण्याच्या आधी हाउसिंग उघडावे आणि मेस्त्रींना डायल गेजने चाळा मोजायला सांगावे.

ऑइल गाडी चालून आल्यावर गरम असतानाच काढावे, आणि गाडी सपाट जागी उभी करून लेव्हलच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच भरावे. त्याहून जास्त भरल्यास फेस होतो, हबची सील गळते आणि ऑइल ब्रेक लायनरवर उतरते. सील नवी बसवूनही गळत असेल, तर हाउसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर जाण्याची वाट) मातीने बुजला आहे का ते आधी पाहावे. वाट बंद झाली की आतली गरम हवा सीलमधूनच ऑइल बाहेर ढकलते. पावसाळ्यात कृष्णा किंवा वारणेच्या पुराच्या पाण्यातून गाडी काढावी लागली, तर तापलेले हाउसिंग एकदम गार होऊन आत पाणी ओढून घेते, मग ब्रीदर कितीही स्वच्छ असो. अशा वेळी ऑइल बदलण्याचे ठरलेले किलोमीटर मोजत बसू नये. लेव्हल प्लग उघडून बोट बुडवावे आणि ऑइल दुधाळ दिसले, तर त्याच दिवशी बदलावे.